कार्डाला कळेपर्यंत

माणूस मेला तरी तो किती ठिकाणी जिवंत राहतो, हे थोरल्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्याची सव्वीस वर्षं गेली होती. लोक दाखला घेऊन जातात आणि समजतात, झालं. पण बँकेत माणूस जिवंतच असतो, पेन्शनच्या यादीत असतो, आणि वाचनालयात तर त्याच्या नावावर परत न केलेलं पुस्तकही असतं. अशा अर्धवट मेलेल्या माणसांचा थोरल्याला मनापासून राग येई. त्यामुळे बाबा गेले तेव्हा त्यानं रडायच्या आधी यादी केली.

नऊ ठिकाणं निघाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊही ठिकाणी कळवून झालं आणि नऊ नावांपुढे नऊ खुणा पडल्या. सातवी खूण पैसे भरून बघायच्या टीव्ही कंपनीची. ग्राहक मयत, सेवा बंद करावी. फोनवरची मुलगी गोड बोलली. म्हणाली, पंधरा दिवसांच्या आत आमच्याकडून संदेश सुटेल आणि कार्ड आपोआप बंद होईल, तुम्ही काहीच करायचं नाही. काहीच करायचं नाही म्हटल्यावर थोरल्याला बरं वाटलं. त्यानं त्या मुलीचे आभारसुद्धा मानले.

थोरला हे त्याचं घरातलं नाव. आता तसं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची आणि धाकटी बहीण 'दादा'.

बाबांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. थोरला चार गल्ल्या सोडून राहायचा. आई सात वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून बाबा एकटे होते, पण त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही, कारण त्यांच्याकडे यंत्रं होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेलेला माणूस. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू जशीच्या तशी वापरणं त्यांना कमीपणाचं वाटे. टीव्ही कंपनीनं दिलेला डबा त्यांनी आल्या दिवशीच कपाटात टाकला. त्यातलं कार्ड तेवढं काढून घेतलं. मग एक जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली, आणि मागे यूएसबीला खोचलेले दोन अडॅप्टर. एकात गच्चीवरून आलेली केबल, दुसऱ्यात ते कार्ड, अर्धं आत नि अर्धं बाहेर, जीभ काढून दाखवल्यासारखं. कार्ड कंपनीच्या चित्राचं कुलूप उघडणार, कॉम्प्युटर ते दाखवणार. कंपनीचे पैसे ते दर महिन्याला चोख भरत. "चित्र त्यांचं, डबडं आपलं," असं म्हणत आणि स्वतःवरच खूश होत.

सहाव्या दिवशी दुपारी थोरला, बाबा गेल्यापासून बंद असलेलं विजेचं मेन बटण लावून, त्या खोलीत जमिनीवर बसून बाबांच्या पावत्या वेगळ्या करत होता. चार वाजून दहा मिनिटांनी पाठीमागचा टीव्ही आपोआप लागला आणि आई बोलली.

"नाव सांगू, की घरचे काय म्हणतात ते सांगू?"

आवाज तिचाच. वाक्याच्या शेवटी हसू दाबायची खोडसुद्धा तिचीच. थोरला उठला, डोळे मिटून घेतले, चाचपडत टीव्हीपर्यंत गेला आणि कडेचं बटण दाबलं. मग चपला न घालताच जिन्यात येऊन उभा राहिला. रोज दहा-बारा मेलेल्यांची नोंद करणारा, पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि आईचा आवाज ऐकून अनवाणी पळाला होता.

आई कुठून बोलली, हे त्याला लगेच कळलं होतं. म्हणून तर डोळे मिटले.

नऊ वर्षांपूर्वी आई टीव्हीवर गेली होती. सामान्य ज्ञानाची एक स्पर्धा सकाळी लागायची, त्याच पैसे भरायच्या चॅनेलवर. आईनं गुपचूप अर्ज केला, निवड झाली, आणि तिनं हे सांगितलं तेव्हा थोरल्याचा पारा चढला. "आई, या वयात हा तमाशा कशाला? तिथं चार लोकांसमोर चुकशील, ऑफिसात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आई बाबांना घेऊन गेली, तिसऱ्या प्रश्नाला हरली आणि हसत परत आली. कार्यक्रम दाखवला त्या दिवशी थोरल्याला ऑफिसात टीव्हीसमोर बसायची सोय होती, चहाच्या खोलीत. तो मुद्दाम फायली घेऊन तळघरात जाऊन बसला.

संध्याकाळी तो आईकडे गेला तेव्हा ती भांडी विसळत होती.

"बघितलंस?" तिनं विचारलं.

"हो. छान झालं."

"आणखी?"

"आणखी काय? सगळंच छान झालं."

आई थोडा वेळ तशीच नळाखाली हात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. दोन वर्षांनी गेली. बाबा मात्र एकदा, तिच्या जाण्यानंतर, म्हणाले होते, "माझ्याकडे आहे ते रेकॉर्ड केलेलं. एकदा बसून बघ." थोरला म्हणाला, "बघू सावकाश." बाबा एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत, आणि थोरल्यालाही लहानपणापासून दुसऱ्यांदा सांगून घ्यायची सवय नव्हती. तेवढी एकच गोष्ट त्यानं पहिल्या सांगण्यात ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दहा, टीव्ही, नाव सांगू की घरचे काय म्हणतात ते सांगू. तिसऱ्या दिवशी थोरला चारलाच घराबाहेर पडला, तर खाली शिंप्यानं अडवलं. त्याचं दुकान तळमजल्यावर, मान कायम मशीनवर.

"वर आज आई नाही बोलायच्या का?" शिंपी म्हणाला.

"काय?"

"रोज चारला बोलतात की. सात वर्षं ऐकतोय. बाबा आवाज मोठा ठेवायचे, ऐकायला कमी यायचं ना त्यांना. आई बोलल्या की मी चहा मागवतो. बाबा गेल्यावर वाटलं, आता कुठला चहा. तर परवा बोलल्या, काल बोलल्या. पण तुम्ही लगेच बंद करता. मला आपलं चुकल्यासारखं होतं."

जगात सगळ्यांनी, अगदी शिंप्यानंसुद्धा, आपल्या आईचं बोलणं ऐकलं होतं. आपण तेवढे राहिलो. जिना चढून तो पुन्हा वर गेला आणि दाराशीच उभा राहिला. आतून आईचा आवाज आला, पुढचे शब्द दारातून नीट लागेनात, आणि त्याचा आत जायचा धीर झाला नाही. कशाची भीती वाटते हेही त्याला सांगता आलं नसतं. मेलेल्या आईची नक्कीच नव्हती. खोटं पकडलं जाण्याची होती.

रविवारी त्यानं धाकटीला फोन केला. ती दुसऱ्या गावी, एका इस्पितळात क्ष-किरणांची यंत्रं सांभाळायची. बाबांचं डोकं तिच्या वाट्याला आलं होतं, आणि बाबांचा धाक थोरल्याच्या. टीव्हीचं ऐकून ती हसली.

"बाबांनी वेळ लावून ठेवलीय रे. रोज आपोआप लागायचं. मला म्हणाले होते, चहाला सोबत लागते." मग तिचा आवाज बदलला. "दादा, तू टीव्ही कंपनीला कळवलं नाहीस ना?"

"कळवलं की. तिसऱ्याच दिवशी. पंधरा दिवसांत बंद होईल म्हणाले."

"अरे देवा."

"का? ते आईचं रेकॉर्डिंग आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना? ते कसं बंद होईल?"

"कुलूपबंद आहे ते. मशीन जुनं, रेकॉर्ड करता करता कुलूप उघडायला गेलं की अडखळायचं. म्हणून बाबांनी आलं तसं बंदच साठवलं. बघताना दर वेळी ते कार्ड उघडून देतं. कार्ड मेलं की संपलं. नवीन कार्ड घेतलं तरी जुनं कुलूप उघडणार नाही." ती भराभर बोलत होती. "ऐक, आता काय कर. गच्चीवरून आलेली केबल उपसून काढ. कंपनीचा संदेश त्या केबलमधून येतो. कार्डाला अजून कळलेलं नाही बाबा गेले ते. केबल काढली की कळणारच नाही."

थोरल्यानं खांदा नि कान यांत फोन धरला आणि वाकून केबल काढली. कार्डाच्या अडॅप्टरवरचा हिरवा दिवा तसाच लुकलुकत राहिला.

"कार्ड काढू नकोस. मशीन बंद करू नकोस. मी शनिवारी येते, कुलूप उघडून दुसऱ्या डिस्कवर घेऊ. मग तू हवं तितक्यांदा बघ."

"त्याआधी नाही बघता येणार?"

"तू अजून बघितलंच नाहीयेस?" असं धाकटीनं विचारलं नाही. म्हणाली, "बघ की. उद्या चार दहाला बस समोर. फक्त कशाला हात लावू नकोस."

सोमवारी थोरल्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सव्वीस वर्षांत आजारपण आणि घरातला मृत्यू सोडून घेतलेली ही पहिलीच. घरी जाऊन तोंड धुतलं, शर्ट बदलला, आणि बाबांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसला. खुर्चीचा मधला भाग बाबांच्या बसण्यानं खोल झाला होता. खोलीत दुसरं काही वाजत नव्हतं. बघायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आणि बघून झालं की आईच्या फोटोसमोर जाऊन खरं काय ते सांगून टाकायचं.

चार दहाला टीव्ही लागला. आई आली नाही. काळ्या पडद्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या:

केबल निघालीय.
आधी केबल लाव, मग बाकीचं.

ही कंपनीची भाषा नव्हती. बाबांची होती. आधी हात धू, मग बाकीचं. आधी पाढे, मग बाकीचं. हे वाक्य थोरल्यानं हजार वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी उठून ते काम केलं होतं.

त्यानं धाकटीला फोन लावला. उचलला नाही. ती यंत्रांच्या खोलीत असली की फोन बाहेर ठेवते, हे त्याला माहीत होतं. पुन्हा लावला. पडद्यावरच्या ओळी हलल्या नाहीत. कशाला हात लावू नकोस, असं ती म्हणाली होती. पण ती तिकडे आणि हे समोर. केबल लावली नाही म्हणून आई निघून गेली तर? नऊ वर्षं टाळलं, आता एवढ्याशा कारणावरून हेही हुकलं तर? बाबा गेल्याला बारा दिवस झाले होते आणि ते भिंतीशी उभे राहून त्याच्या पाठीकडे बघताहेत, असं त्याला स्पष्ट जाणवत होतं. तो स्टुलावरून उठला. मुलगा उठतो तसा उठला, आणि केबल लावली.

अक्षरं गेली. आई आली.

उंच टेबलामागे उभी होती, जवळचा चष्मा नाकावर, केस त्याला आठवत होते त्याहून काळे. डावा हात टेबलावर सपाट, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. घाबरलीय, त्याच्या मनात आलं. सूत्रसंचालकानं काहीतरी विचारलं. आई थेट समोर, थोरल्याकडे बघत म्हणाली, "नाव सांगू, की घरचे काय म्हणतात ते सांगू?" लोक हसले. तिनं नाव सांगितलं. तोंड उघडून पुढचं काही बोलणार, तेवढ्यात तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला, आवाजाचे तुकडे पडले आणि पडदा काळा झाला.

थोरल्यानं केबल ओढून काढली. तो हिरवा दिवा आता लाल होता. पडद्यावर बाबांची आणखी एक ओळ आली: कार्ड उत्तर देत नाही.

सकाळी तिघांच्या मृत्यूची नोंद त्यानं स्वतःच्या अक्षरात केली होती. त्यापेक्षा जास्त खात्री त्याला आता कार्ड मेल्याची होती.

शनिवारी धाकटी आली. तिनं जोडे काढायच्या आधी कॉम्प्युटर उघडला, बाबांनी लिहिलेला प्रोग्राम वाचला, आणि बराच वेळ मागे वळली नाही.

"दादा, तू किती वेळ थांबलास?"

"कसला किती वेळ?"

"त्या दोन ओळी आल्यावर. केबल लावायच्या आधी."

"दीड मिनिट असेल. तुला दोनदा फोन लावला."

"दोन मिनिटं थांबून ते आपोआप पुढं जाणार होतं," धाकटी म्हणाली. "केबल असो नसो. त्या ओळी आईसाठी होत्या रे. झाडताना ती केबल पाडायची म्हणून."

ती त्याच्यावर चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं कंपनीला फोन केला, गोड बोलणाऱ्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की बंद झालेलं कार्ड पुन्हा सुरू होत नाही. चॅनेलला फोन केला, तर चॅनेलच तीन वर्षांपूर्वी गुंडाळलं होतं. थोरल्याच्या बायकोनं दोघांसाठी डबा पाठवला, तो तसाच राहिला. दुपारी तीनच्या सुमाराला धाकटी खुर्चीत ताठ झाली.

"चित्राला कुलूप आहे. आवाजाला आहे," ती म्हणाली. "पण खालच्या ओळींना नाहीये."

"कुठल्या ओळी?"

"ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बोलणं लिहून येतं ना, ते. बाबा कानाचं यंत्र लावायचे नाहीत, मग त्यांना हेच लागायचं. कंपनीनं ते बंद करायची तसदी घेतलेली नाही." तिनं काही बटणं दाबली. "आई दिसणार नाही, दादा. ऐकूही येणार नाही. काय बोलली तेवढं कळेल."

थोरला स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला. पडदा काळाच राहिला आणि तळाशी एकेक ओळ येऊ लागली. सोमवारी ऐकलेलं आधी आलं. नंतरचं, सूत्रसंचालकाचे प्रश्न आणि आईची उत्तरं, थोरल्याला नवं होतं.

घरी कोण कोण बघतंय?

हे इथं समोरच बसलेत. धाकटी लांब असते. थोरला ऑफिसात.

त्यांना काही सांगायचंय?

थोरल्याला सांगायचंय. घरी सांगायला गेलं की तो उठून जातो, म्हणून इथून सांगते.

(हशा)

थोरल्या, ऑफिसात कुणी हसलं तर हसू दे. हे बघ, मी सोबत काय आणलंय. नीट बघून घे. संध्याकाळी आलास की मला सांग, आईच्या हातात काय होतं. मग मी समजेन, बघितलंस.

यानंतर काही क्षण ओळ आली नाही. नुसता काळा पडदा. तेवढ्या वेळात तिथं, त्या काळ्यामागे, ती मूठ उघडली होती.

अहो, हे तुम्ही अजून जपून ठेवलंत?

मग? त्याचंच आहे ते.

(हशा, टाळ्या)

मी बोलू का काय आहे ते?

नको हं. ज्याचं आहे त्याला दिसलं की पुरे.

धाकटीनं थांबवलं. "काय होतं रे?" तिनं हळूच विचारलं.

थोरल्यानं मान हलवली. पडलेला दात असेल. शाळेचा बिल्ला असेल. त्यानं लहानपणी काय काय आईच्या हातात आणून ठेवलं होतं, ते त्यालाच आठवत नव्हतं. आईच्या वस्तूंची वाटणी सात वर्षांपूर्वी त्यानंच केली होती, यादी करून. किरकोळ म्हणून एक खोकं टाकून दिलं होतं, त्यापुढेही खूण केली होती. बाबांना माहीत होतं आणि बाबा रोज बघत होते. आणखी, असं आईनं नळाखाली हात धरून विचारलं होतं. तिनं एक वाट ठेवली होती आणि तो सगळंच छान झालं म्हणाला होता. तिला त्याच क्षणी कळलं होतं. कळून ती बरं म्हणाली होती, आणि त्यानंतर दोन वर्षं त्याच्याशी नेहमीसारखी वागली होती. थोरल्याला ते सहन होईना.

"पुढं लाव," तो म्हणाला.

"दादा, राहू दे आता."

"लाव."

काळा पडदा पुन्हा सुरू झाला. थोरला त्याच्याकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "आई, हातात काय होतं?" खाली शिंप्याचं मशीन थांबलं. धाकटीनं तोंडाला हात लावला. त्यानं परत विचारलं, तेच, जरा आणखी मोठ्यानं.

तळाशी पहिला प्रश्न आला आणि त्याचे चार पर्याय. आईचं उत्तर बरोबर निघालं. टाळ्या, असं खाली कंसात लिहून आलं.